पेपर टाकायचाय, पण बाँडचं काय?

दिवाळीचा बोनस खात्यात पडला की नव्यानं लागलेली पोरं-पोरी नोकऱ्या सोडायला लागतात आणि माझा इनबॉक्स भरतो. गोंधळ दरवेळी तोच, म्हणून एकदाच सगळ्यांना. आणि कृपा करून प्रश्न पाठवायच्या आधी आपलं अपॉइंटमेंट लेटर उघडून बघत जा, निम्म्या जणांनी ते सही केल्यावर परत वाचलेलंच नसतं.

प्र. सरांना व्हॉट्सॲपवर "उद्यापासून येत नाही" टाकलं तर राजीनामा होतो का?

तेवढ्यावर राहू नका. ईमेल करा, तारीख टाका, एचआरला सीसीत ठेवा.

प्र. मोबाईलच्या शोरूमला सहा महिने झाले, लेटर दिलेलंच नाही. मग सोडताना आधी नोटीस कशाला?

उद्या मालक म्हणाला की पोरगा न सांगता पळाला, तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे? म्हणून लेखी द्या. महिनाभराची दिली तर कुणाला बोलायला जागा राहत नाही, तेवढं जमत नसेल तर मालकाशी बोलून तारीख ठरवा आणि जे ठरलं ते मेसेज करून त्यांनाच पाठवा. पगार खात्यात येत असेल तर बँक स्टेटमेंट काढून ठेवा. नव्या कामगार संहितांमध्ये नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलंय, तेही मागा. देत नसतील तर सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जाऊन विचारा, मला नको.

प्र. ठाण्यात कॉल सेंटरला आहे. जॉइन होताना दोन वर्षांचा एक लाखाचा बाँड (आधी सोडलं तर एक लाख भरायचे), कोरा चेक आणि ओरिजिनल मार्कशीट घेतली. मॅनेजर म्हणतो सोडलं तर पोलीस केस. मित्र म्हणतो असले बाँड कोर्टात टिकतच नाहीत, फोन बंद कर आणि गायब हो.

मॅनेजरही चुकतोय आणि मित्र तर त्याहून जास्त. बाँड मोडणं हा दिवाणी मामला आहे, तेवढ्यासाठी कुणी बेड्या घालत नाही. पण "टिकतच नाही" हे रील बघून आलेलं ज्ञान आहे. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षं नोकरी नाहीतर दोन लाख ही अट मान्य केली. अर्थात ती सरकारी बँकेची अधिकारी भरती होती, तुमचं कॉल सेंटर म्हणजे ती बँक नव्हे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, भरपाई वाजवी तेवढीच मिळते. आता चार दिवस स्क्रिप्ट पाठ करून घेतली त्याला "ट्रेनिंग कॉस्ट" एक लाख म्हणणं हा सरळ सरळ धंदा आहे, पोरं घाबरून टिकावीत एवढ्यासाठीच.

मला खरी काळजी त्या कोऱ्या चेकची आहे. तो रक्कम भरून बँकेत टाकला आणि बाउन्स झाला तर चेक बाउन्सच्या कायद्याची, म्हणजे कलम १३८ची नोटीस येऊ शकते, आणि ती हातात पडल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस असतात. फोन बंद करून गावाला गेलात, नोटीस घरी आली, आईने टीव्हीखाली ठेवली, की संपलं. म्हणून गायब व्हायचं नाही. रीतसर राजीनामा द्या, त्याच ईमेलमध्ये चेक आणि मार्कशीट परत मागा, चेकचा नंबर लिहा. हे पाठवायच्या आधी बाँडची कॉपी वकिलाला दाखवा. पैसे नाहीत म्हणू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना वकील फुकट मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर. आणि हे सही करायच्या दिवशी विचारलं असतं तर दोन ओळीत भागलं असतं!

प्र. कारण काय लिहू? टीम लीडर खूप त्रास देतो.

"वैयक्तिक कारणास्तव." त्रासाची तक्रार वेगळी आणि आधी करायची, राजीनाम्यात राग काढायचा नाही. त्रास छळाच्या पातळीवर गेला असेल तर पेपर टाकायच्या आधी वकिलाशी बोला.

प्र. एचआर म्हणतं राहिलेल्या पगाराचा हिशोब ४५ दिवसांनी. आणि सायबर कॅफेवाला हजार रुपयांत पीएफ काढून देतो म्हणतोय.

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, त्यात राजीनामा दिलेल्याचा राहिलेला पगारही दोन कामाच्या दिवसांत द्यायला सांगितलंय. हे ईमेलमध्ये नम्रपणे लिहा, तरी हलले नाहीत तर कामगार ऑफिस.

कॅफेवाल्याला ओटीपी देऊ नका. पीएफ काढूच नका, नवीन नोकरीत तोच यूएएन (पीएफ खात्याचा तुमचा कायमचा नंबर) द्या आणि ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत ५० हजार किंवा जास्त काढलेत तर टीडीएस, म्हणजे आधीच कर, कापतात. कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर तुम्हाला स्वतःला टाकता येते, आधार ओटीपीने, फुकट.

प्र. चाकणला ॲप्रेंटिस आहे, मला नोटीस लागते का?

तुम्ही कायद्याने कामगार नाही, शिकाऊ आहात, त्यामुळे वरचं काहीच जसंच्या तसं लावू नका. तुमचा करार नोंदवलेला असतो, तो वाचा आणि ॲप्रेंटिसशिप सल्लागाराच्या ऑफिसात विचारा.

प्र. मुलगा लाजाळू आहे हो, त्याचा राजीनामा मी त्याच्या साहेबांना फोन करून दिला तर चालेल का? (आई, नाशिक)

नाही ताई.