आकृती मिटव, हात बघ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

हृदयाची आकृती दहादा काढली तरी व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पाटी कोरी होते, असं लिहिलंस. होणारच. निम्मं रक्त निळं, निम्मं लाल आणि बाणांची नुसती गर्दी. (शिरेतलं रक्त निळं नसतं गं, गडद लाल असतं. पहिली सिरिंज भरशील तेव्हा दिसेलच.)

वही मिटव. डावा हात जरा वेळ खाली लोंबकळू दे, शिरा टम्म फुगतील. एका लांब शिरेवर पंजाकडच्या बाजूला बोट दाबून धर. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त सारत ने आणि मग ते दुसरं बोट उचल. मधला तुकडा रिकामाच राहील, कारण वरचं रक्त झडपेने अडवलंय. आता पहिलं बोट उचल. शीर खालून भरत येते. जमलं नाही तर दुसरी शीर घे. मध्ये झडप यायला हवी.

हे इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने १६२८ साली चित्रांसकट छापलं. या झडपा त्याचे इटलीतल्या पादुआचे गुरू फाब्रिसियस यांनी आधीच दाखवल्या होत्या. पण हृदयातून बाहेर निघालेलं रक्त हातापायांत साचू नये म्हणून त्या त्याचा वेग कमी करतात, असं त्यांना वाटलं. झडपा त्याच, पण हार्वेने विचारलं की त्या उघडतात कुठल्या दिशेला? सगळ्या हृदयाकडे!

मग त्याने हिशेब मांडला, आणि तो मला प्रयोगाहूनही आवडतो. तेव्हा समज असा, की रक्त यकृतात तयार होतं आणि शरीरात खपून जातं. हार्वेने मुद्दाम कंजूष आकडा धरला: ठोक्याला अर्धा औंस, अर्ध्या तासात हजार ठोके. झाले पाचशे औंस, म्हणजे चौदा किलोच्या वर. एवढं रक्त अर्ध्या तासात कोण खाऊन तयार करणार? म्हणजे तेच रक्त फिरून येतंय. आजचे आकडे घातलेस तर ठोक्याला सुमारे ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके, म्हणून पाच लिटर. अंगात एकूण रक्तही साधारण तेवढंच.

रोहिणीतून (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीतून) शिरेत रक्त जातं कसं, हे मात्र हार्वेला दिसलं नाही. तो १६५७ मध्ये गेला. १६६१ मध्ये इटलीच्या मालपिगीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात या दोघींना जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या पाहिल्या.

परीक्षक हमखास विचारतात ते एक सांगतो. डावं व्हेंट्रिकल (हृदयाचा डावा खालचा कप्पा) साऱ्या शरीराला रक्त देतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला बहुतेक रक्त ते सैल पडतं तेव्हाच मिळतं. आकुंचनात त्याच्याच भिंतीतल्या वाहिन्या दाबल्या जातात. एका ठोक्याच्या ०.८ सेकंदांपैकी सुमारे ०.५ सेकंद विसाव्याचे. नाडी वाढली की सगळ्यात जास्त कात्री याच वेळेला लागते. अरुंद झालेल्या कोरोनरीवाल्या (हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी रोहिणी) माणसाच्या छातीत जिना चढताना का दुखतं, ते आता तूच मला लिहून पाठव.

आणि हो, शिरा फुगवायला दंडाला ओढणी बांधलीस तर लगेच सोड. गेल्या वर्षी एकाने तशीच ठेवली आणि निळा पंजा बघून त्याच्या आईने मला फोन केला होता.

तुझा,
सर