वेबसाइट गिऱ्हाइकासाठी करायची की गुगलसाठी?

तुमचा प्रश्न असा आहे: निपाणीत फॅब्रिकेशनचा धंदा आहे, एक जण म्हणतो गिऱ्हाइकाला आवडेल अशी साइट करा, दुसरा म्हणतो गुगलला आवडेल अशी करा. दोन्ही कसं जमवायचं, आणि वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) घ्यावं का?

वर्डप्रेस घ्या, चालतंय की. मला बोलायचंय ते त्या दुसऱ्या माणसाबद्दल. तसाच एक आमच्याकडेही येऊन गेलाय.

बेळगावात उद्यमबागेत आमचं कास्टिंग आणि मशीनिंगचं काम चालतं. अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, शॉप फ्लोअर बघतात. कोटेशन, बिलं, फोन हे सगळं माझ्याकडे. साइट एका एजन्सीनं करून दिली होती. उघडली की मोठमोठे फोटो एकामागून एक सरकायचे आणि त्यावर 'गुणवत्ता हेच आमचे ध्येय'. मटेरियल कुठलं, किती किलोचा जॉब घेता, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आहे का, कशाचाच पत्ता नाही. मशीनची यादी तेवढी होती, तीसुद्धा कागद स्कॅन करून चित्र म्हणून चिकटवलेली. आणि पानाच्या तळाला, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, कोल्हापूर, सांगली, हुबळी, पुणे, मडगाव अशी गावांची रांगच रांग. शिवाय प्रत्येक गावाचं एक वेगळं पान, मजकूर तोच, फक्त नाव बदललेलं. मी विचारलं तर उत्तर आलं, "ते गुगलसाठी आहे मॅडम, गिऱ्हाइकाला दिसत नाही."

लपवलेला मजकूर आणि गावागणिक काढलेली तीच ती पानं, या दोन्ही गोष्टी गुगलच्या स्पॅमच्या नियमांत नाव घेऊन मना केल्यात. गुगलनं २०१२ साली क्रम लावायच्या पद्धतीत 'पेंग्विन' नावाचा बदल केला, त्यानंतर असल्या युक्त्या करणाऱ्या कितीतरी साइट खाली गेल्या. बिलात 'कीवर्ड टॅग'चे, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेल्या शोधशब्दांच्या यादीचे, पैसे वेगळे लावले होते. तो टॅग आपण क्रम लावताना बघतच नाही, हे गुगलनं २००९ सालीच जाहीर केलंय. म्हणजे गुगलच्या नावावर जे विकलं, ते गुगललाच नको होतं. याचा मला आजही राग येतो.

मग मी काय केलं? फोनवर परचेसवाले जे विचारतात ते लिहून काढायला लागले. एसजी ५००/७ मध्ये करता का? एफजी २६० आहे का? (या बिडाच्या ग्रेड.) पॅटर्न, म्हणजे साचा घ्यायचा नमुना, आमचा की तुमचा? ट्रायल नग कधी मिळतील? इन्स्पेक्शन रिपोर्ट देता का? ही उत्तरं साध्या मजकुरात पानावर घातली, प्रत्येक कामाला आपलं एक पान, आणि पानाच्या शीर्षकात त्या कामाचं खरं नाव. फोटो ठेवले, पण कुठल्या जॉबचा आहे ते खाली लिहून. चित्रातली अक्षरं गुगलला कधी वाचता येतात, कधी नाही. त्यावर धंदा सोडू नये. पुढे ज्या चौकश्या यायला लागल्या त्यांत पहिल्याच ओळीत ग्रेड आणि वजन लिहिलेलं असायचं. गिऱ्हाईक जे विचारतं तेच ते गुगलवर टाइप करतं, आणि सर्च इंजिन तेच शोधत पानावर येतं. यात दोन वेगळी कामं आहेत कुठे?

तुम्ही शेड, गेट, ट्रॉली काय काय करता, पत्रा किती एमएमपर्यंत, वेल्डिंग आर्क की मिग, चिकोडी, संकेश्वर, कागलपर्यंत येऊन बसवून देता का, हे लिहा. बेळगाव आणि बेळगावी ही दोन्ही नावं लोक टाइप करतात, तर दोन्ही वाक्यांत येऊ द्या.

वेगाचं थोडक्यात. गुगल आता साइट मोबाइलवर दिसते तशीच वाचतं. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे, हे त्यांचंच माप आहे. कॅमेऱ्यातले फोटो जसेच्या तसे चढवले तर ते जमत नाही. सरकणारे फोटो काढून टाका.

आता मराठीचं. अण्णा म्हणतात, ऑर्डर देणारा इंग्रजीत शोधतो, मराठी पान कशाला? अण्णा, साइटवर फक्त ऑर्डर देणारेच येतात का? 'टर्नर, फिटर पाहिजेत' हे पान मी मराठीत आणि कन्नडमध्ये केलं, आणि खानापूर तालुक्यातली आयटीआयची पोरं ते वाचून गेटवर आली. त्यांतले दोघे आज सीएनसी मशीनवर आहेत. ऑर्डर पुण्याहून आली तरी ती मशीनवर चढवणार कोण?

फक्त मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर दिसणाऱ्या मराठीत, टाइप करून घ्या. डीटीपीवाला श्रीलिपी या छपाईच्या जुन्या फॉन्टमधली फाइल देतो. तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर ती नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात आणि गुगललाही तीच दिसतात. प्रत्येक भाषेच्या पानाचा पत्ता वेगळा ठेवा आणि ती पानं एचरेफलँगनं (hreflang, कुठलं पान कुठल्या भाषेत ते गुगलला सांगणारी खूण) एकमेकांना जोडून घ्या. माणूस कुठून आलाय ते बघून भाषा आपोआप बदलणारी सोय घेऊ नका. गुगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो, त्याला तुमचं मराठी पान दिसणारच नाही.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं वर्कशॉपच्या साइटपुरतं आहे. ऑनलाइन विक्री असेल तर आणखी बरंच लागतं. आणि नवी साइट लगेच वर येत नाही, काही महिने धरा. पहिल्या पानाची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका, तशी हमी कुणालाच देता येत नाही.

गुगलचं सर्च कन्सोल हे साइटमालकांसाठीचं साधन फुकट आहे, पहिल्या दिवसापासून लावा. लोक काय टाइप करून आले ते त्यात दिसतं. मराठी पान काढून टाकायचा विषय निघाला की मी अण्णांसमोर तेच उघडून ठेवते. ते अजून इंग्रजीचंच म्हणतात, पण पुढच्या भरतीची जाहिरात मराठीतच टाक असं परवा त्यांनीच सांगितलं.