पॉइंट काढू की राहू देत? जुन्या गाडीच्या करंटबद्दल तुमचे प्रश्न

गिरगाव: वडिलांची १९७८ ची पद्मिनी आहे, रविवारी मरीन ड्राइव्हला एक चक्कर, बाकी आठवडा उभीच. मेकॅनिक म्हणतो पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट टाका, पिकअप वाढेल, अ‍ॅव्हरेजपण वाढेल. टाकू का?

टाका, पण पिकअपसाठी नको. पॉइंट चांगले असतील, त्यांच्यातली गॅप बरोबर असेल आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) नीट लावलेलं असेल तर किट टाकल्यावर फार काही फरक कळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फायदा वेगळा आहे. कॉईलचा, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीचा, तीन-चार अँपिअर करंट पॉइंट सतत तोडत असतात, त्याने त्यांची तोंडं जळतात, एका बाजूला खड्डा पडतो, वर कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते आणि गॅप हळूहळू कमी होत जाते, गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. गाडी एका दिवसात बिघडत नाही हो, मरगळत जाते आणि रोज चालवणाऱ्याला ते कळतच नाही. तुमची तर उभीच असते, त्यात समुद्राची हवा, पॉइंटच्या तोंडावर थर धरतो आणि रविवारी सकाळी सेल्फ मारत बसायचं. किटमध्ये घासणारं काहीच नाही, शाफ्टवर मॅग्नेटची रिंग आणि बाजूला सेन्सर, बस.

पण किट आणायच्या आधी डेल्कोची (डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे पॉइंट ज्यात बसतात आणि जिथून प्रत्येक प्लगला करंट जातो त्या डब्याची) कॅप काढा आणि रोटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. हलतोय? मग बुश (शाफ्टला धरणारी आतली नळी) गेलाय. अशा डेल्कोत पॉइंटची गॅप प्रत्येक सिलेंडरला वेगळी पडते, आयडलिंगला गाडी थरथरते आणि लोक कार्बोरेटर खोलत बसतात. मॅग्नेटवालं किट हा खेळ थोडा जास्त सहन करतं हे खरं, पण टायमिंग तरीही नाचतंच. दुसरं म्हणजे आतली अ‍ॅडव्हान्सची (रेस वाढली की टायमिंग पुढे सरकवणारी) वजनं आणि स्प्रिंगा, त्यांना किट हातही लावत नाही. स्ट्रोब लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंगचा दिवा) लावून रेस वाढवा, पुलीवरची खूण सरकली पाहिजे आणि रेस सोडल्यावर जागेवर परत आली पाहिजे. अडकत असेल तर आधी डेल्को उघडून साफ करून घ्या, बुश बदला, मग किट. आणि किट बसवल्यावर टायमिंग परत लावायचंच, जुन्या खुणेवर सोडून द्यायचं नाही, कारण स्पार्क पडायची जागा बदललेली असते.

डोंबिवली: अ‍ॅम्बॅसिडरला किट टाकलं, मस्त चाललं, मग एकदा इंजिन बंद, चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसलो आणि किट गेलं. डुप्लिकेट मिळालं का?

असेलही, पण माझा संशय गाण्यांवर. इंजिन बंद आणि चावी ऑन असली की शाफ्ट कुठे थांबलाय त्यावर कॉईलमधून करंट सलग वाहत राहतो, कॉईल तापते आणि साध्या किटचं मॉड्यूल जळतं. (पॉइंट असते तरी तेच जळले असते, फक्त ते स्वस्त असतात.) टेपची वायर इग्निशनवरून काढून फ्यूज टाकून वेगळी घ्या.

आणि नवं किट लावायच्या आधी कॉईल मोजा. दोन्ही वायरी काढून मल्टिमीटर प्लस-मायनसला लावायचा. ३ ओहमच्या आसपास दाखवला तर ठीक, चार सिलेंडरची बरीच साधी किटं तेवढंच मागतात. दीड ओहम दाखवला तर ती कॉईल बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉईलचा करंट कमी ठेवणाऱ्या वेगळ्या रोधासोबत) वापरायची आहे, तो मधून काढला असेल तर १२ व्होल्टला सरळ ८ अँपिअर, मग कुठलं किट टिकणार? हायटेन्शन (कॉईल आणि प्लगच्या जाड) वायरीही बघा, नुसती तांब्याची तार नको, कार्बनवाली सप्रेशन वायर घ्या, नाहीतर सेन्सर गोंधळतो.

वसई: फियाट दहिसर नाक्याच्या रांगेत तापली की बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू. इलेक्ट्रॉनिक टाकलं की थांबेल?

आत्ताच पैसे घालू नका. बंद पडेल तेव्हा एका प्लगची वायर काढा, जवळचा जादाचा प्लग तिला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा (कार्बोरेटरपासून लांब धरा, पेट्रोल सांडलं असेल तर अजिबात नको). करंट (प्लगची ठिणगी) निळा, कडक येतोय तर दोष पेट्रोलचा, पंपात तापून त्याची वाफ होतेय. जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते उगाच नाही! करंट पिवळट किंवा गायब असेल तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) किंवा कॉईल. आधी कंडेन्सर बदला, किरकोळ पैशांचं काम आहे, फक्त हल्ली नवे निघतात त्यातले बरेच रद्दी असतात, म्हणून दोन घ्या. कंडेन्सरच निघाला आणि कंटाळा आला असेल तर खुशाल किट टाका, त्यात कंडेन्सर लागतच नाही.

ठाणे: १९५० च्या दशकातली मॉरिस मायनर, बॅटरीचा प्लस बॉडीला आहे. कुठलंही किट चालेल?

नाही. पॉझिटिव्ह अर्थचंच मागा, दुसरं लावलंत तर चावी फिरवताच धूर.

दादर: किट टाकलं तर व्हिंटेजचा ‘व्हीए’ नंबर मिळायला अडचण येईल का?

२०२१ च्या नियमात ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी लागते, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. कॅपच्या आत बसणारं किट बाहेरून जवळजवळ दिसत नाही, दोन वायरी सोडल्या तर, आणि परत काढताही येतं. तरी तपासणीला नेताना मी तर पॉइंट परत बसवूनच नेईन, तासाभराचं काम आहे, उगाच वाद कशाला. त्यासाठी काढलेली पॉइंटची प्लेट आणि कंडेन्सर भंगारात देऊ नका, फिलर गेजसकट (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांसकट) डिकीत ठेवा, घाटात किट गेलं तर त्याच्यावरच घरी याल.