पडीक जागेत आधी ताग, मग बाग

प्रश्न : गावठाणात वडिलोपार्जित चार गुंठे जागा आहे. जुनं घर पडून बरीच वर्षं झाली. विटा-मातीचा ढिगारा, गाजरगवत, वेडी बाभूळ. दुकानदार म्हणतात, आधी ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, वर लाल माती टाका, सोबत 'माती सुधारक किट' घ्या, म्हणजे जूनमध्ये भाजी आणि फळझाडं एकदमच लावता येतील. काय करावं?

उत्तर : किट घेऊ नका. बाकीचं सावकाश सांगतो, पण हे आधी ऐका.

एप्रिलच्या उन्हात वाळलेल्या तणावर ग्लायफोसेट मारून काय साधणार? ते हिरव्या, वाढत्या पानातून आत जातं. वाळक्या काड्या भिजवल्या तर फक्त डबा संपतो. शिवाय ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे ते परवानाधारक कीडनियंत्रण चालकांनीच वापरायचं आहे. दुकानदार हे सांगत नाही. तुमची जागा चार गुंठे आहे, चाळीस एकर नाही. कुदळ घ्या.

गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटायचं असतं. ती वेळ गेली, बी जमिनीत पडलेलंच आहे. पहिल्या पावसात ते उगवेल, त्याचा बंदोबस्त खाली सांगतो. उपटताना हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, ज्यांना दमा किंवा खाज आहे त्यांना लांब ठेवा. वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली की चौपट फुटते. बुंध्याभोवती खणून मुळाचा गड्डा वीतभर-दीड वीत खालून काढा. लव्हाळा असेल तर रोटाव्हेटर अजिबात नको. एक रोप हलक्या हातानं उकरून बघा : दोऱ्यात ओवल्यासारख्या काळ्या गाठी लागतील. रोटाव्हेटर त्या माळेचे तुकडे करून सगळ्या जागेत पेरतो. मे महिन्यात माती खोल उलथून गाठी उन्हात वाळू द्या आणि वेचून काढा.

लाल मातीचंही तेच. विकत आणलेल्या मातीतून लव्हाळा आणि हरळी फुकट येते. तुमच्याकडे पांढरी आहे, म्हणजे जुन्या वस्तीची माती. पूर्वी लोक गावची पांढरी गाडीनं शेतात नेऊन टाकायचे, ती काय उगीच? फक्त तिच्यात क्षार असू शकतात आणि पडलेल्या भिंतींचा चुना असतो. म्हणून माती तपासा, आणि काहीही टाकायच्या आधी तपासा. भिंती होत्या तिथला नमुना वेगळा, परसातला वेगळा. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, कडेची माती खरवडा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं करत अर्धा किलो उरवा. युरियाच्या रिकाम्या पिशवीत माती आणणारे दरवर्षी भेटतात. तसं करू नका. मग अहवाल मातीचा नाही, पिशवीचा येतो. सामू (पीएच) ८ च्या वर आणि क्षारता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आली तर हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे वाढवून मातीत गाडायला, ताग सोडून धैंचा पेरा.

वायरी जाळल्याची राख, जुन्या बॅटऱ्या, रंगाचे पोपडे जिथे सापडतील तिथे पालेभाजी आणि कंदमुळं कधीच लावू नका. त्या कोपऱ्यात बसायला ओटा करा.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये भाजी नाही, फळझाड नाही. जूनमध्ये ताग. गुंठ्याला अर्धा-पाऊण किलो बी, दाट फेका. दाट ताग गाजरगवताच्या रोपांना ऊन मिळू देत नाही; हाच तो बंदोबस्त. ४५ दिवसांत, फुलकळी दिसली की लगेच कापून गाडा. फूल बघत थांबलात तर खोड लाकडासारखं होतं, कुजत नाही. मी दहा ठिकाणी हेच सांगतो आणि आठ ठिकाणी साठाव्या दिवशी फोन येतो, 'साहेब, फार छान फुललाय.' गाडल्यावर तीन आठवडे थांबा. मग गुंठ्याला २०० किलो चांगलं कुजलेलं शेणखत. कुजलेलं म्हणतोय, ताजं शेण टाकलंत तर हुमणी आणि वाळवीला आमंत्रण. भाजी सप्टेंबरमध्ये लावा. घाई केलेल्या बागा मी नोव्हेंबरात पिवळ्या पडलेल्या पाहिल्यात.

प्रश्न : अशाच जागेत गेल्या वर्षी पपई आणि वांगी लावली. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. दुकानदाराच्या सल्ल्यानं पाच गुंठ्यांत युरियाची अख्खी गोणी दिली, तरी फरक नाही.

उत्तर : पडणारच नाही. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी पडतंय. चुन्यामुळे ते अडकून बसतं. युरियातून मिळतं ते नत्र, आणि नत्राची कमतरता जुन्या पानावर आधी दिसते. घरचा तपास : मूठभर कोरड्या मातीवर लिंबू पिळा, फसफसली तर चुना आहे.

आणि हिशेब बघा. युरियाची गोणी ४५ किलोची. भाजीला हंगामभरात गुंठ्याला साधारण दोन-सव्वादोन किलो युरिया पुरतो, तोही हप्त्याहप्त्यानं. तुम्ही नऊ किलो दिलात. चौपट. आता युरिया बंद, पाणी नेमकं. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, सोबत थोडं लिंबू, संध्याकाळी फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. दुसऱ्यांदा फवारताना '१० ग्रॅम घेऊ, लवकर गुण येईल' असं करू नका, पानं करपतात. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक एकाच टाकीत घालून देणारेही आहेत. दुसरं औषध पहिल्याला मारतं, पैसे मात्र दोन्हींचे जातात.

प्रश्न : यासाठी अनुदान?

उत्तर : ठिबकचं अनुदान राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, पण सातबारा लागतो, गावठाणाच्या जागेला तो नसतो. घरातली बाई बचत गटात असेल तर उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) पोषण परसबागेबद्दल गटातच विचारा. तेवढंच.

कुंपणाला गिरिपुष्पाच्या फांद्या जूनमध्ये रोवा. शेळ्यांना अटकाव होतो आणि पाला दरवर्षी खताला मिळतो. फळझाडं पुढच्या वर्षी लावायची असली तरी जागा आत्ताच आखून ठेवा, म्हणजे तिथे कुणी शेड टाकणार नाही.