वाचक विचारतात : वाइल्डकॅट काडतुसाचा खोटा खांदा

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो, रीलोडिंगची (वापरलेली काडतुसं पुन्हा भरण्याची) सवय आहे. .३०-०६ या रायफल काडतुसाच्या केसवरून (पितळी नळीवरून) ४० अंशांच्या खांद्याचं (नळी मानेकडे निमुळती होते त्या उताराचं) ६.५ मिलिमीटर वाइल्डकॅट, म्हणजे कारखान्यात न बनणारं, स्वतः आखलेलं काडतूस, करायचं आहे. चेंबर (बॅरलमधली काडतूस बसण्याची जागा) कापून झालं. पहिल्या फायरिंगनंतर काही केसेसच्या बुडाजवळ चकचकीत कडं दिसतं. चूक कुठे?

उत्तर : त्या केसेस पुन्हा भरू नका. कडं बुडापासून थोडं वर असेल, तर पितळ तिथे ताणून पातळ झालं असण्याची शक्यता जास्त. बारीक तारेचं टोक काटकोनात वाकवा आणि केसमध्ये घालून आतल्या भिंतीवरून बुडाकडून तोंडाकडे फिरवा. टोक खाचेत अडकलं की केस बाद. पुढच्या बाराला ती तिथूनच तुटेल आणि गरम वायू बोल्टकडे (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाकडे) मागे येईल.

कारण हेडस्पेसमध्ये, म्हणजे बोल्टपासून केस पुढे जिथे टेकते तिथपर्यंतच्या अंतरात, आहे. .३०-०६ चा खांदा साडेसतरा अंशांचा, तुमच्या चेंबरचा ४० चा. केसला पुढे टेकायला जागा नसली, तर फायरिंग पिन तिला पुढे ढकलते. दाब चढला की पातळ पुढचा भाग चेंबरच्या भिंतीला चिकटतो, आणि जाड बूड एकटंच मागे बोल्टवर जाऊन आदळतं. मधलं पितळ ताणलं जातं.

उपाय म्हणजे खोटा खांदा. .३०-०६ ची मान आधीच आतून ०.३०८ इंचाची आहे, म्हणून ती वेगळी रुंदावायची गरज नाही. ६.५ ची साइझिंग डाय (केस दाबून मापात आणणारा साचा) प्रेसमध्ये उंच ठेवा, मानेचा फक्त वरचा भाग दाबा, केस रायफलमध्ये घालून बोल्ट लावून पाहा. लागत नसेल तर डाय थोडीशी, अगदी पाव फेऱ्याहूनही कमी, खाली घ्या. बोल्ट शेवटच्या टप्प्यात हाताला किंचित जड लागून बंद झाला की डाय जागेवर धरणारी लॉकरिंग आवळा. मूळ मानेचा जो रुंद भाग खाली उरतो, तोच चेंबरच्या खांद्याला टेकून केसला बोल्टवर घट्ट धरतो. हे काम रिकाम्या केसवरच करा. प्रायमर (ठिणगी देणारी बुडातली टिकली) आणि पावडर नंतर.

आता मानेची जाडी. मान ०.३०८ वरून ०.२६४ इंचावर आणली की पितळ कुठेतरी जाणारच : भिंत जाड होते, मान थोडी लांबही होते. भिंत ०.०१६ इंच भरली, तर भरलेल्या काडतुसाची मान ०.२६४ अधिक ०.०३२, म्हणजे ०.२९६ इंच. चेंबरची मान यापेक्षा निदान ०.००३ इंच मोठी हवी. फट नसेल तर मान उघडून गोळी सोडू शकत नाही आणि दाब एकदम चढतो; मग मान बाहेरून तासावी लागते. तासल्यावर लांबीही मोजा. तोंड चेंबरच्या टोकाला अडलं, तर ते गोळीला चिमटीत धरतं.

अ‍ॅनीलिंग (पितळ तापवून मऊ करणं) मान आणि खांद्यापुरतंच. बूड तापून मऊ पडलं तर ती केस फेकायची, दुसरा इलाज नाही.

खरेदीच्या केसवर .३०-०६ चाच ठसा राहतो. म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात काडतुसाचं नाव लिहा आणि बॅरलवरही तेच कोरून घ्या. पुढे ही रायफल दुसऱ्याच्या हाती जाईल तेव्हा तोच आधार.

प्रश्न : एवढ्या खटाटोपातून वेग किती वाढेल?

उत्तर : अपेक्षेपेक्षा कमी. दाब तोच ठेवला तर केसची क्षमता (आतली जागा) जितके टक्के वाढते, त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतके टक्के वेग वाढतो. क्षमता ५ टक्के वाढली, तर सेकंदाला २,९०० फुटांवर जेमतेम ३६ फूट. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) त्याच्या दुप्पट-तिप्पट दिसलं तर आनंदू नका, तो वाढलेला दाब आहे. क्षमता मोजायला फायर झालेली केस, वापरलेला प्रायमर तसाच ठेवून, रिकामी आणि काठोकाठ पाण्याने भरून तोला. खांदा तीव्र केल्याचा खरा फायदा म्हणजे केस कमी लांबते, छाटणी कमी करावी लागते.

प्रश्न : पुण्यात परवान्याच्या रायफलसाठी हे घरी करता येईल?

उत्तर : नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार काडतुसं बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही.