बोलता येते, पण धडा सांगता येत नाही

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत, इंग्रजी माध्यमात आहे. मैत्रिणींशी ती इंग्रजीत भराभर बोलते. मात्र विज्ञानाचा धडा वाचून त्यात काय आहे, हे तिला सांगता येत नाही. ती टाळाटाळ करते का?

उत्तर : बहुधा नाही. रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला. खेळताना समोरची वस्तू, हातवारे आणि चेहऱ्यावरचे भाव अर्थ लावायला मदत करतात. छापील पानावर यांपैकी काहीच नसते आणि 'अनलेस'सारखा एखादा शब्द कळला नाही, तर अख्ख्या वाक्याचा अर्थ उलटा लागतो. दुसऱ्या भाषेतील संभाषण साधारण दोन वर्षांत जमते, तर अभ्यासाची भाषा समवयस्कांच्या बरोबरीने येण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात, असे त्यांच्या अभ्यासातून दिसले. त्यामुळे तिसरीतल्या मुलीकडून घाईने अपेक्षा ठेवू नये.

एक करून पाहा. तोच धडा तिला मराठीत समजावून द्या आणि मग तिच्या शब्दांत मराठीतच सांगायला लावा. तिने नीट सांगितले, तर विषय तिला कळला आहे आणि उणीव फक्त इंग्रजी शब्दांची आहे. मराठीतही ती अडखळली, तर मात्र इंग्रजीचे आणखी पाठ देऊन उपयोग नाही. आधी मूळ कल्पना समजावून द्यावी लागेल.

प्रश्न : मुलगा 'मी बॉल कॅच केला' असे बोलतो. दोन भाषांचा गोंधळ होऊ नये म्हणून घरीही इंग्रजीच बोला, असे त्याच्या शिक्षकांनी सुचवले आहे. तसे करावे का?

उत्तर : हा सल्ला चांगल्या हेतूनेच दिला जातो, पण मला तो पटत नाही. मुलाचे वाक्य जरा निरखून पाहा. तो 'बॉल कॅच केला' म्हणतो. बॅटविषयी बोलताना 'बॅट ड्रॉप केली' म्हणेल. इंग्रजीत नसलेले लिंग त्याने उसन्या शब्दांना लावले, क्रियापद त्यानुसार बदलले आणि वाक्याच्या शेवटी ठेवले. गोंधळलेल्या मुलाला हे साधले नसते.

ज्या भाषेत पालक स्वतः चाचपडत बोलतात, त्या भाषेत घरातला संवाद 'कम', 'सिट', 'फिनिश इट' एवढ्यावरच आटोपतो. कारण विचारणे, गोष्ट रंगवून सांगणे, वाद घालणे, समजूत काढणे या गोष्टी मुलाला सरावाच्या भाषेतच भरपूर ऐकायला मिळतात. शिवाय गोष्टीला सुरुवात आणि शेवट असतो किंवा वाचताना पुढचे ताडता येते, ही समज मुलाला प्रत्येक भाषेसाठी नव्याने मिळवावी लागत नाही. अक्षरे आणि शब्द नवे शिकावे लागतात, एवढेच.

प्रश्न : पहिलीतली मुलगी 'बाबांनी काम करलं', 'घोडाला पाणी दे' असे म्हणते. प्रत्येक वेळी चूक सुधारावी का?

उत्तर : 'धरलं', 'भरलं' यांवरून 'करलं', आणि 'झाडाला'वरून 'घोडाला' : तिला नियम सापडला आहे, अपवाद सापडायचे आहेत. अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून 'हा वग' असे सांगितले. तसेच दोन प्राणी दाखवल्यावर बहुतेक मुलांनी 'वग्ज' असे उत्तर दिले. हा शब्द त्यांनी पूर्वी कधी ऐकलेला असणे शक्यच नव्हते. म्हणून टोकू नका. 'हो का, बाबांनी काम केलं? कोणतं?' असे म्हणून बोलणे पुढे न्या.

प्रश्न : नव्या भाषेच्या शाळेत मुलगा तीन महिने गप्पच आहे. काळजी करावी का?

उत्तर : तो ऐकत असेल, सूचना पाळत असेल आणि घरी नेहमीसारखा बोलत असेल, तर थोडा धीर धरावा, काही मुले आधी साठवतात, मग बोलतात. मात्र घरच्या भाषेतही तो मागे असेल किंवा हाक मारल्यावर वारंवार लक्ष देत नसेल, तर आधी श्रवणतपासणी करून घ्यावी आणि नंतर वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटावे. मौन महिनोन्महिने सुटलेच नाही, तर घरी तो नीट बोलत असला तरीही तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.