पोथी का मिटली, ते आधी विचारा

पत्र: ताई, माझी आई 71 वर्षांची. बाबा गेल्यापासून आमच्याकडे पुण्यात असते. माहेर भुदरगडचं. रोज संध्याकाळी संत बाळूमामांवरची मालिका लागली की ती टीव्हीच्या अगदी जवळ, खाली जमिनीवर बसते, पडद्याला हात जोडते, कपाळाला भंडारा लावते. लहानपणी मामांना पाहिलंय म्हणते. माझ्या मुलीसमोर हे सगळं मला नको वाटतं. एके काळी मालिका समाजाला काही शिकवायच्या. आता चमत्कार दाखवतात आणि 'अंधश्रद्धा पसरवण्याचा हेतू नाही' अशी पाटी टाकून मोकळ्या होतात. पूर्वी आई रोज पोथी तरी वाचायची, वर्षभरात तीही बंद झाली. परवा मी टीव्ही बंद केला तर दोन दिवस बोलली नाही. तिला कसं समजावू?

उत्तर: पत्रभर मालिकेची तक्रार आहे, पण मी अडले ती पोथीपाशी. आयुष्यभराचं वाचन तुमच्या आईनं एकाएकी सोडलं आणि वर्षभरात तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, आई, का गं?

तिला अक्षर दिसत नसावं. टीव्हीला खेटून बसण्यात तुम्हाला भाबडेपणा दिसला, मला मोतीबिंदूची शंका येते. पडदा उजेडाचा असतो, चेहरे मोठे असतात, उरलेली गोष्ट कान सांगतात. पोथीच्या बारीक ओळींत यातलं काहीच नाही. आणि ती आपणहून सांगणार नाही. मुलाच्या घरी राहणाऱ्या आया खर्चाचा विषय सहसा काढत नाहीत. त्यात ज्या मुलानं पुढ्यातला टीव्ही बंद केला, त्याला तर नाहीच.

मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया होते आणि बहुतेक वेळा माणूस त्याच दिवशी घरी येतो. पण काचबिंदू असेल, किंवा साखरेनं आतला पडदा खराब होत असेल, तर गेलेली नजर सहसा परत मिळत नाही. म्हणून मला तुमचा राग येतोय. या घरात एक वर्ष वाया गेलंय.

मालिकांचं म्हणाल, तर पाटीवर माझाही भरवसा नाही. पण जुन्या मालिकांनी शिकवलं आणि लोक शिकले, इतकं ते सरळ नव्हतं. दूरदर्शनवर 7 जुलै 1984ला 'हम लोग' सुरू झाली. मेक्सिकोत मिगेल साबिदोंनी मालिकांमधून साक्षरता आणि कुटुंबनियोजन लोकांपर्यंत नेलं होतं, तोच कित्ता इथे गिरवला होता. सुरुवातीच्या भागांतला कुटुंबनियोजनाचा उघड प्रचार लोकांना रुचला नाही, तो सौम्य करावा लागला. भागाच्या शेवटी खुद्द अशोक कुमार येऊन तात्पर्य सांगत. तरीही मालिकेतली सगळं मुकाट सोसणारी आई, भागवंती, पाहून बाईनं इतकं सोसू नये हे उमगण्याऐवजी कितीतरी प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं. बघणारा आपल्या आयुष्यातून बघतो.

तुमची आईही तशीच बघते. बाळूमामांनी 1966 साली आदमापुरात देह ठेवला, तेव्हा ती दहा-बारा वर्षांची असेल. मामांची मेंढरं रानात बसली की शेत पिकतं, या विश्वासाच्या मुलखात ती वाढली. ही श्रद्धा तिला वाहिनीनं दिलेली नाही. ती कुणा बाबाला पैसे देत नाही, कुणाला औषध सोडायला सांगत नाही. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं साप किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला, आणि ते फार चांगलं झालं. चमत्कारांची भीती तिथे बाळगावी, जिथे ते उपचाराच्या आड येतात. तुमच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाण्यापासून मालिकेनं अडवलेलं नाही. तिला कुणी नेलंच नाही. विज्ञान जवळ करायचं असेल तर ते इथे करा. नातही ते बघेल.

याच आठवड्यात वेळ घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालून दोन्ही डोळे तपासायला सांगा, डोळ्यांचा दाब मोजायला सांगा, रक्तातली साखरही बघून घ्या. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून तिला एकटीला रिक्षात बसवून पाठवू नका. रजा टाका आणि स्वतः जा. संध्याकाळी मालिकेच्या वेळेआधी तिला घरी आणा.

पण हे सगळं पुढचं. आज घरी गेलात की तिच्याजवळ बसा आणि पोथीचं विचारा.